चंद्रकंपांचा नकाशा: ठिपके बसवण्याआधी चार यंत्रांच्या जागा पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अपोलोच्या काळातला चंद्रकंपांचा कॅटलॉग तुम्ही उतरवून घेतला, थ्री.जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढणारी लायब्ररी) फिरता चंद्र तयार केला आणि २८ उथळ कंपांचे ठिपके त्यावर बसवले. आता उरलेल्या जवळपास १३,००० नोंदी दाखवायच्या आहेत, पण त्यांच्या अक्षांश-रेखांशांचे रकाने कुठेच सापडत नाहीत. शिवाय नुसतेच जास्त ठिपके टाकून पाहिले तर ब्राउझर अडकतो, तेव्हा दुसरी लायब्ररी घ्यावी का?

लायब्ररी बदलून काही हाती लागणार नाही. ब्राउझर अडकतो तो बहुधा प्रत्येक कंपासाठी तुम्ही वेगळा गोल तयार करता म्हणून. १३,००० वेगळे मेश (त्रिमितीय आकार) म्हणजे दर फ्रेमला ग्राफिक्सकडे १३,००० वेगळे हुकूम. सगळे बिंदू एकाच बफरमध्ये भरा आणि 'पॉइंट्स' म्हणून काढा. गोलच हवे असतील तर एकच आकार एका हुकमात अनेकदा काढणारं 'इन्स्टन्स्डमेश' आहे. एवढे बिंदू साधा मोबाइलही सहज पेलतो. हे एका संध्याकाळचं काम आहे, म्हणून ते इथेच सोडते.

खरी गोष्ट रकान्यांची आहे. ते तुमच्या नजरेतून सुटलेले नाहीत, ते मुळात नाहीतच. तुमच्या ॲपचा सगळा आकार यावरून ठरायला हवा असं मला वाटतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

हा कॅटलॉग टेक्सास विद्यापीठातल्या योशिओ नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरंगांचे आलेख डोळ्यांनी तपासून तयार केला. एकेका ओळीत दोन आकडी वर्ष, वर्षातला कितवा दिवस, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ, प्रत्येक यंत्रकेंद्रावर आलेखात मोजलेली उंची मिलिमीटरमध्ये आणि प्रकाराचं एक अक्षर आहे. 'ए' म्हणजे ठरावीक कंपकेंद्रातला खोल कंप (पुढे त्या कंपकेंद्राचा क्रमांक येतो), 'एम' म्हणजे वर्गवारी न झालेला खोल कंप, 'सी' म्हणजे उल्केचा आघात, 'एच' म्हणजे उथळ कंप. 'एल' आणि 'एस' हे माणसांनी मुद्दाम घडवलेले आघात: अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा वरचा टप्पा आणि सॅटर्न रॉकेटचा तिसरा टप्पा. असे आघात एकूण नऊ. खोल कंप ७,००० हून जास्त, उल्का १,७०० च्या वर, उथळ २८, आणि उरलेल्या हजारो नोंदींचा प्रकारही नक्की नाही.

यांतल्या जागा किती कळल्या आहेत? नऊ आघातांच्या चांगल्या कळल्या आहेत. २८ उथळ कंपांच्या अंदाजे. खोल कंप पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी होतात, त्यामुळे कंपकेंद्रवार एकच जागा काढतात, आणि अशी जागा काढता आलेली कंपकेंद्रं शंभराच्या आसपास आहेत. बाकी नोंदींना जागा नाही.

कारण यंत्रांच्या मांडणीत आहे. अपोलो १२, १४, १५ आणि १६ यांची यंत्रकेंद्रं मिळून हे जाळं झालं. त्यांतली १२ आणि १४ एकमेकांपासून जेमतेम १८० किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या मापाने शेजारीशेजारी. प्रत्यक्षात साधारण ११०० किलोमीटर बाजूचा एक त्रिकोण, तोही पृथ्वीकडे तोंड असलेल्या बाजूच्या मधोमध. चार पर्जन्यमापक फक्त कोकणात ठेवून अख्ख्या महाराष्ट्राचा पावसाचा नकाशा काढला तर मराठवाडा कोरडाठाक दिसेल, तशातली गत. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूचे कंप या यादीत जवळजवळ नाहीत. ते होतच नाहीत की तिकडून येणाऱ्या लहरी वाटेत विरतात, हे एवढ्या जाळ्यावरून ठरवता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की गोलावर सर्वांत आधी ही चार केंद्रं काढा. सोबत खाली चार आडव्या पट्ट्या द्या, प्रत्येक केंद्र कधीपासून कधीपर्यंत चालू होतं ते दाखवणाऱ्या: १२ चं नोव्हेंबर १९६९ पासून, १४ चं फेब्रुवारी १९७१ पासून, १५ चं जुलै १९७१ पासून, १६ चं एप्रिल १९७२ पासून. चारही ३० सप्टेंबर १९७७ ला बंद केली गेली. अपोलो ११ चं यंत्र जेमतेम तीन आठवडे चाललं. त्याची छोटी पट्टी वेगळ्या रंगात द्या. काळाचा स्लायडर पुढे सरकेल तशी केंद्रं उजळू द्या. हे नसेल तर लोक दर महिन्याच्या कंपांचा स्तंभालेख पाहून म्हणणार की १९७२ मध्ये चंद्र जास्त हलायला लागला. प्रत्यक्षात त्या वर्षी फक्त ऐकणारी यंत्रं वाढली होती.

जागा नसलेल्या नोंदी गोलावर कुठेतरी विखरून टाकू नका. काही जण रिकामं दिसू नये म्हणून त्या चारही केंद्रांभोवती यदृच्छया पसरतात. कृपया तसं करू नका, पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो. त्या नोंदी कालपट्टीवर घ्या, तिथे त्यांची जागा पक्की आहे. गोलाशेजारी एक ओळ कायम दिसू द्या: 'निवडलेल्या काळात इतक्या नोंदी, त्यांपैकी इतक्यांची जागा माहीत.' फिल्टर बदलला की दोन्ही आकडे बदलले पाहिजेत.

आता जागा 'माहीत' असलेल्यांचं बघू. १३ मार्च १९७३ चा उथळ कंप घ्या. नोंदवल्या गेलेल्या मोठ्या उथळ कंपांपैकी हा एक, आणि त्याचं केंद्र दक्षिण ध्रुवाच्या परिसरात काढलं गेलं आहे. २०२४ मध्ये संशोधक टॉमस वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी या कंपाचा संबंध ध्रुवाजवळच्या तरुण प्रस्तरभंगांशी (खडक तुटून सरकतात त्या भेगांशी) जोडून पाहिला. पुढच्या मानवी मोहिमा त्याच भागात उतरवायच्या आहेत, त्यामुळे हा कंप अचानक महत्त्वाचा झाला. पण त्या अभ्यासातही केंद्राचा एक बिंदू नाही, संभाव्य जागांचा ढग आहे, आणि तो मोठ्या प्रदेशावर पसरलेला आहे. सगळी यंत्रं विषुववृत्ताच्या आसपास आणि उत्तरेकडे. इतक्या दुरून ध्रुवाजवळची जागा नेमकी कशी सांगणार? तुमच्या गोलावर मात्र आज तिथे एक लाल टाचणी आहे, आणि झूम केलं की ती कुठल्यातरी एका विवराच्या काठावर टोचलेली दिसते. त्या विवराचा या कंपाशी काही संबंध नाही.

टाचणीऐवजी पृष्ठभागाला चिकटलेलं अर्धपारदर्शक वर्तुळ किंवा लंबवर्तुळ काढा, त्याचा आकार दिलेल्या त्रुटीवरून ठरवा आणि कडा विरत जाऊ द्या. झूम केल्यावर ते पडद्यावर मोठं होत गेलं पाहिजे. टाचणीसारखं एकाच मापाचं राहिलं तर त्याचा उपयोग नाही. खोलीचंही तसंच. उथळ कंपांची खोली नीट ठरलेली नाही, तेव्हा ते सगळे पृष्ठभागावरच दाखवा आणि शेजारी तसं लिहा. खोल कंप मात्र ७०० ते १२०० किलोमीटर खाली होतात. १७३७ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात ते अर्ध्या वाटेवर आहेत. त्यांच्यासाठी पृष्ठभाग थोडा पारदर्शक करण्याचं बटण द्या, पण ते मुळात बंद ठेवा. पारदर्शक गोल फिरताना पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे डोळ्यांना कळत नाही. त्यापेक्षा चंद्र मधोमध कापून आतला छेद दाखवला तर खोली पटकन लक्षात येते.

थ्री.जेएसबद्दल एक नेमकी सूचना. त्यातल्या साध्या गोलावर शून्य रेखांश मध्यभागी असलेलं टेक्स्चर (पृष्ठभागाची प्रतिमा) चढवलं, तर शून्य रेखांश धन एक्स अक्षावर येतो आणि ९० अंश पूर्व ऋण झेड अक्षावर. म्हणजे झेडच्या सूत्रात उणे चिन्ह हवं: एक्स = त्रिज्या × कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(रेखांश), वाय = त्रिज्या × साइन(अक्षांश), झेड = उणे त्रिज्या × कोसाइन(अक्षांश) × साइन(रेखांश). ते उणे राहून गेलं तर पूर्व-पश्चिम उलटते, आणि चंद्र सगळीकडे करडाच असल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही. पडताळा सोपा आहे: अपोलो १५ चं केंद्र (२६.१ उत्तर, ३.६ पूर्व) इम्ब्रियम या काळ्या मैदानाच्या पूर्व काठावर पडलं पाहिजे. टेक्स्चरसाठी नासाचा 'सीजीआय मून किट' वापरा. सुरुवातीला लहान आकाराची प्रतिमा पुरे, मोठी नंतर चढवा.

आता खोल कंप. माझ्या मते तुमच्या ॲपचा सगळ्यांत सुंदर भाग इथे होऊ शकतो, आणि त्यासाठी गोल लागतच नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना जवळ-दूर होतो, त्यामुळे त्याच्या आतल्या खडकावर भरती-ओहोटीचा ताण येतो आणि खोल कंपकेंद्रं या ताणाच्या लयीत हलतात. साधारण २७ दिवसांनी तोच भाग पुन्हा हलतो. यावर २०६ दिवसांची आणखी एक मोठी लाट आहे. सर्वांत बोलकं कंपकेंद्र ए-१, त्याच्या ४०० हून जास्त नोंदी आहेत.

या नोंदी सरळ कालरेषेवर मांडल्या तर ठिपक्यांची नुसती गर्दी दिसते. त्याऐवजी काळ दुमडा. उभ्या अक्षावर कितवी फेरी, आडव्या अक्षावर त्या फेरीतला कितवा दिवस, आणि फेरीची लांबी स्लायडरने बदलता येऊ द्या, २५ ते ३० दिवसांच्या दरम्यान. २५ वर ठिपके तिरके धावतात. वापरणारा स्लायडर ओढत २७ पूर्णांक काहीतरीवर आणतो आणि ते तिरके ठिपके उभ्या पट्ट्यांत गोळा होतात. चंद्राच्या पोटातली लय त्याला स्वतःच्या हाताने सापडते. हे करायला साधा टूडी कॅनव्हास पुरेसा आहे. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर गोल साधा ठेवा, पण हे नक्की करा.

तरंगांचा आलेख द्यायचा की नाही, हे तुमचा वाचक कोण यावर अवलंबून आहे. शाळेतल्या मुलांसाठी एक-दोन निवडक कंप पुरेत, ते आधीच कापून ठेवा. परीक्षकांना किंवा अभ्यासकांना दाखवायचं असेल तर दिवस निवडून पूर्ण नोंद पाहता आली पाहिजे, आणि मग आकारमानाचा विचार करावा लागतो. दीर्घ आवर्ताचं (संथ थरथर टिपणारं) यंत्र सेकंदाला ६.६२५ नमुने घेत असे, म्हणजे एका दिशेचे दिवसाला ५,७२,४०० आकडे. मूळ आकडे ० ते १०२३ यांच्या दरम्यानचेच असल्याने ते १६ बिटांच्या पूर्णांकात मावतात, आणि दिवसाची फाइल सव्वा एमबीच्या आत राहते. हे सगळं आधीच पायथनमध्ये ऑब्सपाय ही भूकंपनोंदी हाताळणारी लायब्ररी वापरून तयार करून ठेवा. नोंदी आता मिनीसीड या भूकंपनोंदींच्या फाइल-स्वरूपात मिळतात, नेटवर्कचा संकेत 'एक्सए', केंद्रं 'एस१२' ते 'एस१६'. सर्व्हर ठेवू नका, नुसत्या स्थिर फाइली पुरतात.

पडदा १,२०० पिक्सेल रुंद असेल तर दिवसभराच्या आलेखात एका पिक्सेलला ४७७ नमुने येतात. इथे बरेच जण दर ४७७ वा नमुना घेतात किंवा सरासरी काढतात. सरासरीने कंप सपाट होऊन नाहीसा होतो, आणि प्रत्येक ४७७ वा घेतला तर शिखरं नशिबाने दिसतात. प्रत्येक पिक्सेलसाठी त्या ४७७ मधला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा ठेवा आणि त्या दोघांमध्ये उभी रेघ ओढा. झूमच्या दोन-तीन पायऱ्यांसाठी या जोड्या आधीच काढून ठेवल्या की आलेख बोटाखाली हलका सरकतो. नोंद तुटली असेल तिथे रेघही तुटू द्या. दोन टोकं सरळ रेषेने जोडली तर वाचकाला तो शांत काळ वाटतो.

आलेखाची खिडकी मुळात तासा-दीड तासाची ठेवा. पृथ्वीवरच्या लहान भूकंपाची नोंद मिनिटभरात संपते, इथे तसं नाही. चंद्राचा वरचा थर आघातांनी भेगाळलेला आणि कोरडा आहे, लहरी त्यात इकडेतिकडे विखुरत राहतात आणि फार हळू विरतात. आलेख हळूहळू फुगतो आणि लांबलचक शेपटीने उतरतो. पहिली लहर नेमकी कुठे सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही. जागा काढणं अवघड होण्याचं हेही एक कारण. निवड करताना लक्षात असू द्या की अपोलो १२ चं लघु आवर्ताचं (जलद थरथर टिपणारं) यंत्र चाललंच नाही, आणि १४ च्या दीर्घ आवर्ताच्या उभ्या दिशेची नोंद भरवशाची नाही. मधल्या काही काळात यंत्रांची संवेदनशीलता वेगळ्या पद्धतीने लावलेली होती, तेव्हा दोन वेगळ्या वर्षांतल्या उंचींची थेट तुलना करू नका. कॅटलॉगमधल्या मिलिमीटरवरून रिश्टरसारखा आकडा काढणं तर नकोच.

वेळेच्या बाबतीत एक पक्का पडताळा आहे. अपोलो १३ च्या रॉकेटचा तिसरा टप्पा चंद्रावर आदळला तो १५ एप्रिल १९७० रोजी, जागतिक वेळेनुसार १ वाजून ९ मिनिटांनी. त्या वेळी चंद्रावर चालू असलेलं एकमेव केंद्र अपोलो १२ चं. आघात तिथून सुमारे १३५ किलोमीटरवर झाला आणि त्याची नोंद तीन तासांहून अधिक काळ चालली. वर्षातला हा १०५ वा दिवस. तुमच्या आलेखात तरंग तिथेच उठला पाहिजे. जावास्क्रिप्टमध्ये तारीख-वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर लिहिलं नाही तर ब्राउझर ती स्थानिक वेळ समजतो, आणि भारतात बसून पाहणाऱ्याला हाच आघात साडेपाच तास मागे, १४ तारखेच्या संध्याकाळी सरकलेला दिसतो. अमेरिकेतल्या मित्राला तो भलत्याच वेळी दिसतो, आणि चूक कुठे आहे ते दोघांनाही कळत नाही.

आवाज द्यायचा असेल तर जरूर द्या, लोक तिथे थांबतात. २०० पट वेगाने वाजवलं की तासाभराचा कंप १८ सेकंदांत बसतो आणि अर्धा ते दोन हर्ट्झची थरथर १०० ते ४०० हर्ट्झवर येते. मात्र त्या वेगाने नमुन्यांचा दर १,३२५ होतो, आणि ८,००० च्या खालचा दर सगळे ब्राउझर घेतीलच असं नाही. मधले आकडे भरून दर आधी वाढवा. मोबाइलच्या स्पीकरवर १०० हर्ट्झ ऐकूच येत नाही, म्हणून वेग दुप्पट करण्याचं बटण ठेवा. वेग कितीपट केलाय ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे, कारण असा आवाज चंद्रावर कुणाला ऐकू येत नाही.

तुम्ही इतर नोंदींबद्दलही विचारलं होतं. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरचं इल्सा हे कंप टिपणारं यंत्र ६९.४ दक्षिण, ३२.३ पूर्व इथे होतं. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याने सुमारे १९० तास नोंद घेतली. २५० च्या वर संकेत मिळाले, त्यांतले बहुतेक रोव्हरच्या हालचालींशी किंवा इतर उपकरणांच्या कामाशी जुळले, आणि ५० च्या आसपास संकेतांचं कारण लागलं नाही. त्या ५० ना 'चंद्रकंप' असं लेबल लावू नका, 'कारण न लागलेले संकेत' म्हणा. एकाच यंत्रावरून जागा ठरत नाही, म्हणून गोलावर फक्त केंद्र दाखवा आणि कालपट्टीवर त्याची एक निराळी अरुंद पट्टी द्या. तुमच्यासारख्या विद्यार्थ्याला ही पट्टी विशेष भावेल हे मला कळतं, पण तिच्यावर अपोलोच्या आठ वर्षांच्या बरोबरीचा भार टाकू नका. दुसरीकडे, संशोधक केइसुके ओनोडेरा यांनी २०२४ मध्ये अपोलोच्याच लघु आवर्ताच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळून सुमारे २२,००० नवे कंप काढले. त्यांतले ४६ उथळ आहेत, म्हणजे उथळांची संख्या २८ वरून ७४ झाली. तेव्हा तुमच्या कोडमध्ये २८ हा आकडा कुठेही हाताने लिहू नका. प्रत्येक नोंदीला ती कुठल्या कॅटलॉगमधून आली याचा रकाना ठेवा आणि तो फिल्टरमध्येही द्या.

सुरुवात छोट्या तुकड्याने करा: चार केंद्रं, चार पट्ट्या आणि १३ मार्च १९७३ चा एकच कंप, त्याच्या ढगासकट. त्यानंतर ए-१ चा दुमडलेला काळ. एवढं झालं की लिंक टाका. ढगाचा आकार कुठल्या त्रुटीवरून घेतला ते सोबत लिहा, म्हणजे तो बरोबर आहे का ते मला तपासून सांगता येईल.